हाताला पाठ असलेला नंबर

जिन्यापाशी ठेवलेली कचऱ्याची रिकामी बादली उचलायला मी दोन पावलं बाहेर आले आणि वाऱ्याने दार लागलं. आमचं दार एकदा लागलं की आपलं आपण कुलूपबंद होतं. आत दीड वर्षाची नात, गॅसवर दूध आणि ओट्यावर माझा मोबाइल. मुलगा आणि सून कामावर गेलेले.

तरी मी घाबरले नाही, हे आधी सांगते. मुलाने हौसेने बसवलेलं ते बटणांचं कुलूप बोट लावलं की उघडतं. मी बोट लावलं. नुकत्याच भाकऱ्या थापल्या होत्या, बोटांच्या रेषांत पीठ बसलेलं. पदराला पुसून पुन्हा लावलं. कुलूप मला ओळखायला तयार नव्हतं. म्हटलं, राहिलं. नंबर आहे की.

तो नंबर म्हणजे माझा ऑफिसचा नंबर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी अख्खी नोकरी कॉम्प्युटरवर आकडे भरण्यात घालवली. लॉट नंबर, वजन, गाठी. सकाळी खुर्चीत बसलं की आधी आपला नंबर मारायचा, मग काम सुरू. आमच्यात बटणांकडे बघून मारणं कमीपणाचं समजायचे. नजर कागदावर, उजवा हात कीबोर्डच्या कडेला असलेल्या आकड्यांवर. पाचाच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, मधलं बोट तिथे टेकलं की बाकीचे आकडे आपोआप सापडतात. नवीन मुलगी वाकून आकडे शोधायला लागली की आम्ही म्हणायचो, "काय गं, सुई पडली काय?"

कुलूप बसवलं त्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, तू विसरणार नाहीस असा एखादा नंबर दे." मी त्याच्या कॉम्प्युटरवर डोळे मिटून मारून दाखवला. त्याने पडद्यावर वाचून मोबाइलवरून कुलपात घातला आणि विसरून गेला. मीही आकडे म्हणून तो कधी लक्षात ठेवला नव्हता. सातने सुरू होतो एवढं ठाऊक, बाकी सगळं हाताकडे सोपवलेलं. दाराशी तो वापरायची वेळ त्या दिवसापर्यंत आलीच नव्हती.

मधल्या बटणावर बोट टेकवलं, नंबर मारला. कुलूप पीं पीं करून ओरडलं. पुन्हा मारला. पुन्हा तेच. आतून नातीचा आवाज आला, "आज्जी?" मी तिसऱ्यांदा मारला, तेव्हा एक बाई कुलपातून इंग्रजीत काहीतरी बोलली आणि बटणांमागचा उजेड गेला. आता काही मिनिटं ते कोणाचंच ऐकणार नव्हतं. चोरासाठी केलेली सोय होती ती. मी माझ्या दारात चोर ठरले होते, आणि आत दूध तापत होतं.

एवढ्या वर्षांत माझा हात कधी चुकला नव्हता, हो! चुकीचा लॉट म्हणून माझ्या टेबलावर कधी कोणी काही परत आणलं नव्हतं. म्हणजे नंबर मीच विसरले का? एका रात्रीत म्हातारी झाले का? कुलपाच्या पेटीबरोबर एक साधी चावीही आली होती. ती मी हरवू नये म्हणून कपाटात, साड्यांखाली जपून ठेवली होती. आत.

माझा आवाज ऐकून समोरच्या घरातली शेजारीण धावत आली. माळशिरसकडची आहे, मला काकू म्हणते. "काय झालं ओ काकू? पोरगी आत हाय?"

"आत आहे. दूध ठेवलंय गॅसवर. तुझा मोबाइल दे आधी."

"कुणाला लावू? दादांचा नंबर सांगा की."

मुलाचा नंबर! तो माझ्या मोबाइलमध्ये होता. पोटच्या पोराचा नंबर मला तोंडपाठ नव्हता, आणि कधीच्या सुटलेल्या नोकरीतला नंबर हाताला पाठ होता. लाजायलाही वेळ नव्हता.

तेवढ्यात नातीने आतून दारावर काहीतरी आपटलं. तिची वाटी असणार. मला एकदम सुचलं. मी बाहेरून टकटक केली, तिने आतून केली. "अस्सं! वाजव राणी, अजून वाजव!" वाटी वाजते आहे तोवर पोर दारापाशी आहे, स्वयंपाकघरात नाही.

नातीशी खेळता खेळता मी शेजारणीचा मोबाइल घेतला. फोन लावायचे आकडे उघडलेच होते. म्हटलं, निदान हात काय मारतो ते तरी डोळ्यांनी बघू. मारला. समोर जो नंबर उमटला तो एकने सुरू होत होता. माझा तर सातने. मी पहिल्यांदाच त्या आकड्यांकडे नीट वाकून बघितलं, सुई पडल्यासारखं. जिथे माझा सात असतो तिथे एक बसला होता. वरची ओळ खाली, खालची वर. मधली मात्र जागच्या जागी. पाच जिथल्या तिथे, म्हणून तर हाताला संशयच आला नाही.

"ह्याच्यात कॅल्क्युलेटर असेल ना? काढ."

तिने काढला. त्याच मोबाइलच्या त्याच काचेवर आता सात वर होता आणि एक खाली. डोळे मिटले, हाताला मोकळं सोडलं आणि नंबर मारला.

"वाच."

ती वाचायला लागणार तोच करपलेल्या दुधाचा वास आला. आणि वाटी थांबली.

मी टकटक केली. उत्तर नाही. हाका मारल्या. काही नाही. कुलूप अंधारात गप्प. करपट वासामागून दुसरा वास आला, गॅसचा, आणि मी दारावर दोन्ही मुठी मारायला लागले. तिने माझा हात धरला. "काकू, उजेड आला बघा. मी सांगते तसं दाबा. सात."

एकेक आकडा ती बोलली, एकेक बटण मी बघून दाबलं. दार उघडलं.

"बटणं नका लावू हं दिव्याची!" ती मागून ओरडली. मी स्वयंपाकघरात धावले. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुटत होता. ओट्याखालचा खण उघडा होता. त्याच्यासमोर नात बसली होती, हातात माझी मोठी पळी. वाटीचा आवाज लहान पडतोय म्हणून ती मोठं काहीतरी शोधायला गेली होती. मीच सांगितलं होतं ना, अजून वाजव.

गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पोरीला घेऊन जिन्यात बसले. ती पळीने कठड्यावर वाजवत राहिली.

संध्याकाळी मुलगा पांढराफटक पडून सगळं ऐकत होता. मग त्यानेच शोधून सांगितलं, की जुन्या आकडेमोडीच्या यंत्रांत नऊ वर आणि शून्य खाली असायचा, तीच रीत कॅल्क्युलेटरने उचलली आणि कॉम्प्युटरनेही. फोनला बटणं आली तेव्हा ती करणाऱ्यांनी लोकांना निरनिराळ्या मांडण्या दाबून बघायला लावल्या, त्यांना एक वर असलेली सोपी गेली. आणि कुलूपवाल्यांनी फोनचं बघून घेतलं.

"आणि ह्यांनी कोणी एकमेकांना विचारलं नाही?" मी म्हणाले. "उद्या एका घरात गॅसची कळ डावीकडे बंद होईल आणि शेजारी उजवीकडे, तेही चालेल?"

चावी आता समोरच्या घरात खिळ्याला लटकते. कुलपाचा नंबरही बदलला. पण बोट नाही लागलं की माझा हात अजून विचार न करता जुनाच नंबर मारायला निघतो, अगदी सफाईने, अगदी खात्रीने. म्हणून हल्ली बादली उचलायला दोन पावलं बाहेर जायचं असलं तरी मी आधी गॅस बंद करते आणि नातीला कडेवर घेते. तिला वाटतं, आजी फिरायला नेते आहे.