सुई नसलेलं घर

आत्याच्या घरात पियानो होता, भिंतभर माशांची पेटी होती, कुत्र्याला वेगळी खोली होती. सुई मात्र नव्हती. शर्टाचं बटण तुटलं की तो शर्ट कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जायचा आणि बटण लावून, इस्त्री होऊन परत यायचा. शिकायला म्हणून शिंप्याच्या घरातून इथं आलेल्या भिंगरीला आधी हसूच आलं. भिंगरी हे तिचं घरातलं नाव. पोरगी एका जागी बसेल तर शपथ. बापाच्या दुकानात ती गिऱ्हाइकाच्या अंगातल्या शर्टाला उभ्या उभ्या बटण लावून द्यायची.

"आत्या, मी लावते की," ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली.

आत्याने दार लोटून घेतलं. "इथं सुईदोऱ्याचं नाव काढायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, शिंप्याची पोर आहे, हाताची सवय जायची नाही. तेव्हापासून सुई हातात धरली नाही मी. कळलं?"

भिंगरीला कळलं. आत्याचा थोडा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. शर्ट पोचवायचं काम मग तिच्याकडेच आलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

लाँड्रीत इस्त्री करणारा, बटणं लावणारा मुलगा तिच्याहून वर्षभराने मोठा. सकाळी कॉलेज, दुपारी इस्त्री. दिसायला म्हणाल तर चारचौघांसारखा, कान जरा मोठेच. पण तो समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचा. आत्याकडे जेवताना जमिनींच्या, गाड्यांच्या, परदेशातल्या शाळांच्या गप्पा चालत आणि भिंगरी मुकाट्याने मीठ पुढे सरकवत असे. लाँड्रीच्या काउंटरवर मात्र तिला इतकं बोलायला सुचायचं की इस्त्री गार व्हायची. "शिंपीकाम येतं तुला?" त्याने एकदा विचारलं. "झोपेतसुद्धा," ती म्हणाली आणि घरापर्यंत एकटीच हसत आली. याला प्रेम म्हणत नसतील तर मग कशाला म्हणतात?

अडचण एकच होती. काकांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, शर्टांची बटणं काही रोज तुटत नाहीत. मग भिंगरीने कंपासपेटीतलं ब्लेड बाहेर काढलं.

आज छातीवरचं, उद्या पोटावरचं. काकांना वाटलं आपलं पोट सुटतंय; बिचाऱ्यांनी जेवण कमी केलं. भिंगरीला वाईट वाटायचं, पण लाँड्रीत जाण्याइतकं नाही.

आणि एका रविवारी, घरात बडे पाहुणे जमलेले असताना, काका दोन शब्द बोलायला उभे राहिले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोच पोटावरचं बटण उडून समोरच्या बाईंच्या ग्लासात पडलं. सगळे हसले. आत्या नाही हसली. "उद्याच जाते लाँड्रीत," ती दात आवळून म्हणाली. "त्या पोराला कामावरून काढायलाच लावते."

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. त्या पगारावर त्याची फी भरली जात होती, हे तिला माहीत होतं. गंमत म्हणजे हे बटण तिने कापलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्याने तिलाही बरोबर नेलं. मालक हात जोडून उभा, मुलगा खाली मान घालून.

"माझीच चूक," तो म्हणाला.

आता गप्प बसावं तर त्याची नोकरी जाते, बोलावं तर आपलं बिऱ्हाड उठतं. इकडे आड, तिकडे विहीर. भिंगरीने डोळे मिटले आणि उडी मारली.

"बटणं मी कापत होते, आत्या. ब्लेडने."

"तू? कशाला?"

"इथं यायला मिळावं म्हणून. याच्याशी बोलायला. मला हा आवडतो."

मुलाचे कान लालभडक झाले.

"कालचं तिने नाही कापलं," तो हळूच म्हणाला. "दोरा ब्लेडने कापलाय, हे मला आधीच दिसलं होतं. म्हणून मग मीच सैल लावायला लागलो. म्हटलं, रोज तिने कशाला कापायचं, बोट कापून घेईल."

आत्याने काउंटरवरचा सुईदोरा उचलला, कालचा शर्ट पुढ्यात ओढला आणि उभ्या उभ्या बटण लावलं. हात जराही अडखळला नाही. दोऱ्याचे वेढे दिले, गाठ मारली, दाताने दोरा तोडला.

"बाईसाहेब, तुम्हाला येतं हे?" मालक म्हणाला.

"शिंप्याची मुलगी आहे मी," आत्या म्हणाली. हे वाक्य तिने त्या गल्लीत पहिल्यांदाच उच्चारलं होतं. "पोराला ठेवा कामावर. बटणं यापुढे आमच्याकडची यायची नाहीत, ती घरीच लागतील."

परतताना भिंगरी मुसमुसत होती. बटणं गेली, म्हणजे लाँड्रीही गेली.

"रडतेस काय?" आत्या म्हणाली. "माणसाला भेटायचं तर सरळ भेटायला जावं. तुझ्या काकांना उपाशी कशाला मारायचं? दिवेलागणीच्या आत घरी यायचं, आणि अभ्यासात मागे पडलीस तर माझ्याशी गाठ आहे." मग म्हणाली, "आणि उद्या येताना सुयांचं पाकीट घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी भिंगरी लाँड्रीत गेली. हातात पिशवी नाही, शर्ट नाही. हातांचं करायचं काय हेच तिला कळेना.

"काय आणलंस?" मुलाने विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "मीच आलेय."

त्याने इस्त्री बंद केली.