हाताबाहेरचं पाणी

माझा दादा खाणीत पंपवाला होता, आणि त्याच्या हाताबाहेरचं असं काही नव्हतं. बंद पडलेली घड्याळं, शिलाई मशीन, शेजारणीच्या कुकरची शिट्टी, सगळं त्याच्याकडे यायचं. वहिनी म्हणायची, "माझं डोकंही दुरुस्त करून द्या, लग्नापासून बिघडलंय." दादा म्हणायचा, "त्याचे पार्ट मिळत नाहीत."

खाण खोल. खाली पाणी झिरपायचं, ते पंपाने सतत वर उपसायचं, हे त्याचं काम. त्याचा मुलगा त्याच्याच हाताखाली शिकला. आम्ही त्याला छोटू म्हणायचो, आणि दारातून येताना त्याला वाकावं लागायचं! मी खाणीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला. हा मागून यायचा, माझ्या ॲप्रनला तेलकट हात पुसायचा आणि पळायचा. "मेल्या, थांब!" म्हणून मी झारा घेऊन धावायचे.

पंपाचं गळती रोखणारं रबरी सील गेलं होतं. नवीन आणा म्हणून दादा मॅनेजरच्या किती मागे लागला! त्याचं एकच पालुपद, "चालतंय ना? मग चालू द्या." असल्यांच्या जिभेला हाड नसतं. दादा सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून दिवस ढकलत होता.

एका सकाळी शेजारच्या जुन्या बोगद्यात साठलेलं पाणी भिंत फोडून खाणीत घुसलं. दादा तापाने फणफणला होता, त्याच्या पाळीवर छोटू गेलेला. त्याने पंप चालू ठेवला, म्हणून बाकीचे सगळे वर आले. मग पंपच बंद पडला. छोटू आला नाही. पंप धड असता तर त्यालाही वेळ मिळाला असता, हे दादाला ठाऊक, मला ठाऊक, आणि त्या मॅनेजरलाही ठाऊक.

खाणीची जमीन सरकारची, मालकाकडे ती भाडेपट्ट्याने. काम बंद ठेवलं की पट्टा रद्द होतो. पण काम अशा कारणाने थांबलं असेल की ते कुणालाच रोखता आलं नसतं, तर पट्ट्याला स्थगिती मिळते. तोवर भाडं माफ, आणि खाण मालकाचीच राहते. ते ठरवायला अधिकारी येणार होता आणि पंपवाल्याची साक्ष घेणार होता.

आदल्या दिवशी मॅनेजर घरी आला. "हयगय झाली असं ठरलं तर पट्टा जाईल, खाणीचं तोंड दगडांनी बुजवतील आणि पोरगा आतच राहील. स्थगिती मिळाली तर आम्ही मोठे पंप आणू आणि त्याला वर काढू."

तो गेल्यावर मी म्हटलं, "दादा, त्याच्या गळ्याशी आलंय म्हणून आलाय तो. तू खरं तेच सांग."

वहिनी माझ्याकडे वळली. "वन्सं, तुमचं पोर घरी जेवतंय. मला माझं पोर वर हवंय."

कँटीनच्या टेबलाशी बसून अधिकाऱ्याने विचारलं, "हे रोखता आलं असतं?" दादा स्वतःच्या हातांकडे बघत बसला. वहिनी शेजारीच होती. मग तो म्हणाला, "नाही साहेब. हाताबाहेरचं होतं."

मी घरी येऊन त्याच्याशी कचाकचा भांडले. अरे, कुकरची शिट्टीसुद्धा सोडत नाहीस तू, आणि हे हाताबाहेरचं?

स्थगिती मिळाली. पंप मात्र आज येतील, उद्या येतील. खनिजाचा भाव पडला होता. पाणी होतं म्हणून तर भाडं माफ होतं, मग मालक ते कशाला उपसतोय! हे आमच्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

तेव्हा दादाने भंगारातला एक पंप ओढून आणला. सगळा खोलला, घासला, स्वतःच्या पैशाने नवं सील बसवलं आणि खाणीच्या तोंडाशी लावला. पाणी पार वरपर्यंत आलं होतं. वहिनी काठावर बसून राहिली. काही दिवसांनी लोखंडी शिडीची एक बुडालेली पायरी उघडी पडली. वहिनीने मला हाताला धरून नेलं आणि ती दाखवली. इतक्या काळात ती पहिल्यांदा हसली.

कुणीतरी कळवलं असणार. मॅनेजर आला आणि त्याने सरळ बटण बंद केलं. "पाणी उतरलं तर स्थगिती उठेल. आणि तुम्हीच सांगितलंत ना, हाताबाहेरचं आहे म्हणून? मग आता हात कशाला लावता?"

वहिनी तिथेच काठावर खाली बसली. "मीच तुम्हाला तसं बोलायला लावलं," ती म्हणाली. "माझ्या पोराला मीच आत ठेवलं हो."

दादा तिच्याजवळ बसला. ग्रीसने माखलेल्या हातांत त्याने तिचे हात घेतले. "नाही गं," तो म्हणाला, "ते तुझ्या हाताबाहेरचं होतं."

ज्या शब्दावरून मी त्याला नको नको ते बोलले होते, तोच शब्द. मी तिथेच उभी राहून रडले. संध्याकाळपर्यंत ती पायरी पुन्हा पाण्याखाली गेली.