देवरावचं सूत

देवराव स्टिअरिंग मुठीत धरत नसे. मागावरचा धागा धरावा तसं दोन बोटांत धरायचा. उमरेडच्या विणकराचा मुलगा. घरचा माग बंद पडला म्हणून ड्रायव्हर झाला आणि सत्तर सालाच्या सुमारास माझ्याकडे आला. डोक्यावर संत्र्यांच्या टोपल्या वाहून मी तेव्हा नुकताच एक जुना ट्रक घेतला होता. गाडी थांबली की हा आधी पुढच्या चाकाच्या मध्यावर तळवा ठेवायचा, पोराचा ताप बघावा तसा. "मालक, गाडी बोलून राहिली," म्हणायचा. मी म्हणायचो, "तिले सांग, आधी माल उतरव, मंग बोल."

नरखेडकडच्या बागांचे रस्ते म्हणजे नुसते नाले. एका हंगामात पुढचे टायर एकाच बाजूने झिजू लागले. देवरावने खिशातून सूत काढलं आणि गाडीखाली शिरला. "मालक, जरा दुसरं टोक धरा."

मी हमालांशी भांडत होतो. "चाकाले बांध नं गा."

त्याने बांधलं, पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला लावून ताणलं, बाहेर आला. "एक्सल वाकला. हा हलका आहे, आपल्या मालाच्या वजनाचा नाही. कबाड्याकडे मोठ्या गाडीचा पडून आहे, तो टाका."

जड एक्सल टाकला की कमानीचे पाटे, ब्रेक, स्टिअरिंगचा डबा, सगळंच बदलावं लागतं. वर गाडी पुढून अशी आदळते की खालच्या थरातली संत्री पिचतात. त्यापेक्षा आहे तोच सरळ करायचा, नव्या किंगपिन, नवे बुश, एक जादा पाटा. मिस्त्रीचंही तेच मत पडलं. देवराव बहिणीच्या लग्नाला उमरेडला गेला, तेवढ्यात मी काम उरकून घेतलं.

परत आल्यावर तो म्हणाला, "गाडी तुमची आहे, मालक."

एक्सल टिकला. सक्करदऱ्याच्या टपरीवर प्रत्येक फेरीनंतर मी विचारायचो, "काहून गा देवराव, तुटला का एक्सल?" टपरी हसायची. तोही हसायचा. "नाही तुटला. चहा सांगा."

आणि हंगाम भरात असताना, बागेत माल तोडून ठेवलेला असताना, त्याने किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि सीताबर्डीच्या एका व्यापाऱ्याकडे गेला. दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत माल सडला. बागवान कायमचा तुटला. जड एक्सलच्या गाडीसाठी गेला, असं मी गावभर सांगितलं. मलाही तेच वाटत होतं.

काही वर्षांनी सीताबर्डीत तो त्या व्यापाऱ्याच्या ट्रकजवळ पान खात उभा दिसला. मी भर रस्त्यात वाकून गाडीखाली पाहिलं. तसाच हलका एक्सल. जादा पाटासुद्धा नाही.

माझं डोकं सणकलं. "याच्यासाठी मले बुडवलं? कुठी आहे तुया जड एक्सल?"

देवरावने पान गालात सारलं. "यायले बी सांगतलं होतं, मालक. हे बी नाही म्हणाले. पण सुताचं दुसरं टोक धरलं, गाडीखाली निजून पाहिलं, मंग नाही म्हणाले."

हे काय कारण झालं? भरल्या हंगामात माणूस सोडून जायचं, ते एवढ्यासाठी?

तो गेल्याचं कळलं तेव्हा मी तेरवीला गेलो नाही. ट्रक भंगारात विकला, पण एक्सल काढून अंगणात ठेवला आहे. अधूनमधून सूत लावून बघतो. अजून सरळ आहे. सुताचं दुसरं टोक खिळ्याला बांधावं लागतं.