रेवाचा फॉर्म

हे नवऱ्याला ठाऊक नाही. पुण्याच्या बहिणीला, जिला मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करते, तिलाही नाही. आणि रेवाला — माझ्या लेकीला — तर नाहीच नाही. चार वर्षं झाली. सांगायचं ठरवलं की नेमकी भांडी आठवतात, मग कपडे. आज म्हटलं, पुरे झाली ही टंगळमंगळ.

आम्ही इंग्लंडात, बेसिंगस्टोकला राहतो. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, आरतीनंतर गुणगौरव असतो. त्या वर्षी युनिव्हर्सिटीत निघालेल्या मुलांना एकेक करून स्टेजवर बोलवायचं, माइकवर नाव आणि विषय वाचायचा, हातात नारळ आणि पेन द्यायचं. त्यात काय एवढं, असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटायचं — रेवा लहान होती तोवर.

रेवाची ए-लेव्हल्स, म्हणजे इथली बारावी, साफ आपटली. कुठेच जागा मिळाली नाही. मग तिने गावातल्या कॉलेजात — इथे कॉलेज म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खालची पायरी — दोन वर्षांचा कॉम्प्युटिंगचा डिप्लोमा धरला. तो चांगला झाला, तर युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या, शेवटच्या वर्षाला घेतात. रस्ता सरळ होता, फक्त लांबचा. पण भोंडल्याला कुणीतरी विचारलं, मग, रेवा कुठल्या युनीला? आणि माझ्या जिभेला काही हाड? — जवळच्याच, म्हटलं, घरूनच ये-जा करते. खिरापत खाता खाता! कुणी गळा धरला होता का माझा?

शनिवार-रविवार रेवा सुपरमार्केटच्या टिलवर बिलं करत असायची, मंडळाकडे फिरकायची नाही. नवरा असल्या गप्पांत नसतोच. त्यामुळे खोटं दोन वर्षं छान निभलं. कशी चाललीय रेवाची युनी? मस्त. वर मला कमिटीतही घेतलं.

आणि इकडे ही पोरगी टिलवरून आली की अंगातला युनिफॉर्म न बदलता असाइनमेंट घेऊन बसायची. दुसरं वर्ष संपलं आणि युनिव्हर्सिटीचा ईमेल आला. थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश! किचनभर नाचली हो ती. मी रडले — ते रडणं खरं होतं, एवढं तरी माना. शिरा करायला घेतला. रवा भाजत होते तेव्हा ती म्हणाली, "आई, या वर्षी मी पण गणपतीला येणार. मला पण नारळ पाहिजे." लहानपणापासून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या ना तिने. रवा करपला.

फॉर्म तिनेच भरला. माझी जांभळी इरकल नेसून काढलेला फोटो जोडला. 'कॉलेजमधून थेट तिसऱ्या वर्षात' असं स्वतःहून लिहिलं, जराही न लाजता. लाजायचं होतं कशाला? आणि हे फॉर्म कमिटीत येतात कुणाकडे? — माझ्याकडे.

आता तुम्हीच सांगा, कठीण काय होतं त्यात? एक वाक्य. मी खोटं बोलले होते. झालं! बायकांनी दोन दिवस चघळलं असतं, तिसऱ्या दिवशी विसरल्या असत्या. पण नाही. मी फॉर्म डिलीट केला. आणि संध्याकाळी, तिच्या ताटात पोळी वाढता वाढता म्हटलं — कमिटी नाही म्हणतेय गं. शाळेतून थेट युनीला जातात त्यांनाच घेतात. कॉलेजवाल्यांना नाही.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ओके म्हणाली. पोळी संपवली, वर जाऊन साडीची नीट घडी घातली आणि माझ्या कपाटात ठेवून दिली. त्यानंतर तिने मंडळात पाऊल टाकलेलं नाही.

आता ती मिल्टन कीन्सला असते, नोकरी चांगली आहे. घरी आली की कधी कधी म्हणते, "तुझे लोक ना, आई, स्नॉब आहेत. कॉलेजची मुलगी चालत नाही त्यांना." आणि मी काय म्हणते? असतात गं काही माणसं. काही माणसं! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या गणपतीत तसाच आणखी एक फॉर्म आला. नागपूरकडच्या कुटुंबातली मुलगी, कॉलेजातून थेट तिसऱ्या वर्षाला. मी मीटिंगमध्ये विचारलं — का विचारलं, देव जाणे — अशांना घ्यायचं का? आमच्या अध्यक्ष सुलभाताई चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, विचारतेस काय? तिचं नाव सगळ्यांत आधी घे. दुप्पट कष्ट केलेत पोरीने."

म्हणजे चार वर्षांपूर्वीही त्या हेच म्हणाल्या असत्या. मीच विचारलं नव्हतं.

त्या मुलीचं नाव मीच वाचलं माइकवर. हॉलभर टाळ्या. तिची आई पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाचा फोन आला. गणपती कसा झाला, विचारलं. मग दर वर्षी विचारते तेच — नारळ कोणाकोणाला दिले? मी एकेक नाव सांगत गेले. त्या मुलीचं तेवढं गाळलं.