मासूमाभाभींची तीन आठवड्यांची उत्तरं

राजिवड्याच्या मासूमा होडेकरांना आम्ही सगळे भाभी म्हणायचो. मी पोफळीच्या वीजकेंद्रात कनिष्ठ अभियंता. शहाऐंशी ते एकोणनव्वद, जवळजवळ दर रविवारी पहाटेची एसटी धरून मी रत्नागिरीला त्यांच्याकडे जायचो, ते त्यांच्या पडवीतल्या संगणकासाठी. त्या काळात मी भाभींकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

संगणक त्यांचे यजमान हारुनभाई यांनी बहारीनहून आणलेला. त्यावर त्यांनी पास्कल ही प्रोग्रॅमची भाषा शिकवायचा वर्ग काढला. आम्ही आठ जण. तंत्रनिकेतनातला रघू, हातखंब्याला टायरच्या दुकानात याद्या करणारा बाळा, असे. वर्षभरात हारुनभाईंना तिकडून पुन्हा बोलावणं आलं आणि ते गेले. मशीनमध्ये त्यांचे थोरले भाऊ मुसाभाई यांचा निम्मा वाटा होता. मुसाभाई मुंबईहून आले आणि आमच्यासमोरच भावजयीला म्हणाले, "मुलं टिकली तर ठीक. पाचाच्या खाली आली की मशीन मी नेणार. आणि तूही डोंगरीला चल. एकटी इथे राहून काय करणार?"

डोंगरीला मुसाभाईंच्या दोन खोल्या आणि अकरा माणसं, हे सगळ्या राजिवड्याला ठाऊक होतं. त्या अकरा जणांच्या भाकऱ्या थापायला कोण जाणार, तेही ठाऊक होतं. भाभींना स्वतःचं घर सोडायचं नव्हतं, आणि ते आम्ही आठ जण टिकण्यावर होतं.

आता आमचे प्रश्न काय असायचे ते सांगतो. प्रोग्रॅम तपासणारा पास्कलचा कंपायलर भारी खवचट. सेमिकोलन हवा तिथे नसला तर अडून बसतो, आणि 'एल्स'च्या आधी दिला तरी अडून बसतो. रघू दर रविवारी तो नेमका तिथेच द्यायचा आणि दर रविवारी नव्याने चकित व्हायचा. बाळा फाईल बंद करायला विसरायचा, मग टायरच्या यादीतल्या शेवटच्या नोंदी गायब. कुणीतरी करणी केलीय असं त्याचं पक्कं मत होतं. मी प्रोग्रॅम साठवून न ठेवताच चालवायचो, तो लटकला की दोन तासांची मेहनत पाण्यात. चूक माझी, पण खेकसायचो मशीनवर. मी मुळातच चिडका माणूस, लपवून उपयोग नाही.

हारुनभाई गेल्यावर पहिल्याच रविवारी बाळाचं घोडं अडलं. भाभी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी बघू का जरा?"

मी म्हणालो, "भाभी, तुम्ही चहाचं बघा."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना ते बरोबरच वाटलं.

भाभी म्हणाल्या, "बरं, कागदावर लिहून द्या. त्यांना पत्रातून विचारते."

तेव्हापासून रिवाजच पडला. आम्ही प्रश्न प्रोग्रॅमसकट लिहून द्यायचा आणि तीन आठवड्यांनी भाभींनी चहाबरोबर एक कागद आणून ठेवायचा. "त्यांनी कळवलंय," एवढंच बोलायच्या. उत्तर बरोबर असायचं, आणि मुख्य म्हणजे डोक्यात शिरायचं. आठाचे आम्ही नऊ झालो. मुसाभाई अधूनमधून यायचे, डोकी मोजायचे आणि हात हलवत परत जायचे.

माझा मोठा प्रश्न पावसाचा. कॉलनीत मी हौसेने पर्जन्यमापक बसवला होता. रोजच्या पावसाची बेरीज करणारा प्रोग्रॅम सांगलीच्या मित्राने पाठवला. दशांश टाळायला त्यात मिलिमीटरचा आकडा दहापट करून घ्यायचा होता. त्याच्याकडे तीन वर्षं बिनतक्रार चाललेला. माझ्याकडेही चालला, पण अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी एकूण पाऊस वजा बत्तीस हजार सहाशे दाखवू लागला. बाहेर धो धो कोसळतोय आणि मशीन म्हणतंय वजा. माझं डोकंच फिरलं. ऑफिसात आधीच मिरवून ठेवलं होतं, तिथे साहेब रोज विचारायला लागले, "काय सखाराम, आज आभाळाने किती परत नेला?"

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. "इंटिजरमध्ये बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच आकडा मावतो. त्यापुढे एक जरी वाढला तरी तो दुसऱ्या टोकाला जाऊन वजा होतो. सांगलीत तेवढा पाऊस पडतच नाही, म्हणून तिकडे कुणाला कळलं नाही. बेरजेसाठी रिअल हा मोठ्या आकड्यांचा प्रकार घ्या."

मी बाळाला म्हणालो, "याला म्हणतात डोकं. बहारीनला बसून पोफळीचा पाऊस ओळखला." भाभी तिथेच कप गोळा करत होत्या.

एकोणनव्वदच्या मेमध्ये हारुनभाई रजेवर आले. भावाला भेटायला मुसाभाईही आलेले. मी सगळ्यांदेखत हारुनभाईंचे आभार मानले, पावसाच्या उत्तराबद्दल.

ते गोंधळले. "कसला पाऊस? सखारामभाऊ, मी तिकडे गोदामात मालाची राखण करतो. गेल्यापासून कीबोर्डला हात लागलेला नाय. आणि पत्रात ही मला असलं कधी विचारत नाय."

सगळ्यांच्या माना भाभींकडे वळल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्थिर होता. "मीच लिहायची. रविवारी तुम्ही सगळे गेलात की तुमची चूक मशीनवर पुन्हा करून बघायची. मशीनबरोबरचं पुस्तक इंग्रजी, माझं इंग्रजी मॅट्रिकचं. पहिल्या उत्तराला खरंच तीन आठवडे लागले."

"आणि पावसाच्या?" मी विचारलं.

"दोन दिवस."

मला लाज वाटायला हवी होती. आधी राग आला. तीन आठवडे साहेबांची थट्टा ऐकली होती मी. "मग तिसऱ्या दिवशी का नाही दिलंत?"

"दिलं असतं तर घेतलं असतंत?"

पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो. मुसाभाई टोपी सारखी करत म्हणाले, पुढच्या रविवारी किती येतात ते बघू.

पुढच्या रविवारी आम्ही सहा जण आलो. रघू आला नाही, आणखी दोघे गळाले. सहा म्हणजे पुरेसे. मशीन राहिलं, भाभीही राहिल्या, आणि हारुनभाई परत गेल्यावर वर्ग भाभींच्याच नावाने चालू लागला.

त्या रविवारी माझा प्रश्न असा होता की एका व्हेरिएबलची किंमत आपोआप बदलत होती. मी तो पहिल्यांदाच भाभींना तोंडाने विचारला. त्यांनी हात पुसले, पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, "दहा खणांच्या मांडणीत तुम्ही अकरावी वस्तू ठेवताय, ती शेजाऱ्याच्या खणात पडते. प्रोग्रॅमच्या वर महिरपी कंसात डॉलर, आर, अधिक लिहा. मशीन स्वतःच अडवेल."

सोमवारी ऑफिसात मी साहेबांकडून पास्कलचं पुस्तक मागून घेतलं आणि भाभींचं उत्तर ताडून पाहिलं. बरोबर होतं. हारुनभाईंचं म्हणून आलेलं एकही उत्तर मी कधी ताडून पाहिलं नव्हतं.