डिंकताई आणि भिंत

बुटांच्या कारखान्यात तिला सगळे डिंकताई म्हणत. बुटाला तळवा चिकटवायचा डिंक हा तिचा प्रांत. भिजला तरी न सुटणारा तो डिंक तिनेच विद्यापीठात शिकताना बनवला होता, बोटांची सालं निघेपर्यंत राबून. पण कारखान्याची माणसं तो डिंक बघायला आली तेव्हा बोलले तिचे सर. त्या प्रयोगशाळेची रीतच तशी: पाहुणे आले की सरांनी बोलायचं, विद्यार्थ्यांनी मागे भिंतीला टेकून उभं राहायचं. "हे मी केलंय," सर म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा! ती भिंतीशी गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्याचाच तिला पुढे जास्त संताप यायचा.

शिक्षण संपल्यावर ती त्याच कारखान्यात लागली. डूख मात्र धरून ठेवला. विद्यापीठातल्या कुणाबरोबर संशोधन करायचं, कुठल्या विद्यार्थ्यांना कारखान्यात शिकायला घ्यायचं, हे ठरवायची खुर्ची अखेर तिला मिळाली. आणि एके दिवशी सरच दारात! त्यांच्या प्रयोगशाळेचा कारखान्याशी असलेला करार संपत आला होता. सोबत घाबरलेली एक विद्यार्थिनी. डिंकताईचाच डिंक सोडवून जुन्या बुटांचे तळवे अखंड काढणारा द्रव तिने शोधला होता. ताईने होकार दिला तर पोरीला इथे वर्षभर शिकायला मिळणार, नाहीतर सगळी मेहनत बाटलीत बंद.

सर खुर्ची ओढायला लागले.

"तुम्ही नाही, सर. ती बोलेल. तुम्ही तिकडे, भिंतीपाशी."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. पण अडला हरी, गेले, टेकले. मध्येच त्यांनी घसा खाकरला, तर ताईने नुसतं बोट वर केलं. काय सुख होतं ते! सर रुमालाने कपाळ पुसतायत, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतायत, तोंड उघडून पुन्हा मिटतायत. इतक्या वर्षांचं उट्टं निघत होतं आणि ती ते घोट घोट पीत होती.

"मॅडम?" मुलगी कधीची थांबली होती. एका हातात बूट, दुसऱ्या हातात सुटलेला तळवा. "मग... घ्याल ना मला?"

ताईने तिचा एक शब्द ऐकला नव्हता. तळवा कधी सुटला, तेही पाहिलं नव्हतं. भिंतीशी सर उभे होते खरे, पण ऐकायचं राहिलं ते या पोरीचंच. ताईला स्वतःची लाज वाटली. सरांवरचा राग मात्र तसूभरही कमी झाला नाही.

तिने दुसरा जुना बूट पुढे सरकवला. "पुन्हा दाखव. पहिल्यापासून. आता माझं लक्ष आहे."

सर हळूच खुर्चीकडे सरकले.

"तुम्ही उभेच राहा," मान न वळवता ताई म्हणाली.