पुंजारामच्या वकिलाची फी

पुंजारामसारखा भिडस्त माणूस अख्ख्या दौलताबादेत दुसरा नव्हता, आणि त्या भिडस्तपणाचा त्याला अभिमान होता, हे त्याहून वाईट. गावात वैद्य असो, सुईण असो की हाड बसवणारा, ‘किती द्यायचे?’ असं त्यांना तोंडावर कुणी विचारत नसे. काम झालं की सवडीनं ताटात नारळ ठेवायचा, नारळाखाली काय असेल ते ठेवायचं, आणि चारचौघांत सांगताना मात्र म्हणायचं, ‘एक पैसा घेतला नाय हो त्यांनी!’ ही त्या माणसाची थोरवी गाण्याची रीत. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असे की घेतलंय, नाहीतर आज ना उद्या घेणार आहेत. यात कुणाला खोटेपणा वाटत नसे. पुंजारामला तर नाहीच नाही.

उभी हयात त्यानं औरंगाबादेत मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळच्या एका तेलगिरणीत बॉयलरपुढं काढली. आगीत भुसा लोटून लोटून भुवया एकदा गेल्या त्या परत धड उगवल्याच नाहीत. साठी भरली तेव्हा शेठनं त्याला शाल पांघरली, पेढा भरवला, आणि ग्रॅच्युइटीचा विषय निघताच म्हणाला, “तू आमचा माणूस कुठं होतास? तू ठेकेदाराचा.” हा ठेकेदार म्हणजे शेठचाच मेहुणा, आणि त्यानं गिरणीचं तोंडसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.

पुंजाराम गप्प बसला असता. बसला नाही, तो आशाबाईमुळं. आशाबाई त्याची एकुलती एक लेक. नवरा विजेच्या धक्क्यानं गेला आणि ती सासर सोडून माहेरी आली. घरातल्या ओट्यावर पिठाची गिरणी टाकायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. गावात तेव्हा एकच गिरणी होती आणि बायांना दळणासाठी ताटकळत बसावं लागे. तिनं छावणीच्या बाजारात एक जुनं जातं आणि मोटार बघूनसुद्धा ठेवली होती. तिकडं सिल्लोडकडचा तिचा दीर बद्रीनाथ निरोपावर निरोप धाडत होता, ‘वहिनीला इकडं धाडून द्या.’ वहिनीवर माया नव्हती त्याची. गोठ्यात सहा म्हशी होत्या आणि शेण काढायला माणूस मिळत नव्हतं.

कामगार कोर्टात दावा लावला हबीब वकिलांनी. रोखठोक माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी फीचा आकडा सांगितला आणि म्हणाले, “मामा, आज नको. निकाल लागला की द्या. मंजूर?” पुंजारामनं खाली बघून मान हलवली. आकडा त्याला फार वाटला होता, पण वकिलाशी घासाघीस करणं त्याच्या रक्तात नव्हतं.

शेठच्या वकिलानं दावा असा काही लांबवला की विचारू नका. कधी साक्षीदार आजारी, कधी कागद भिजलेले, कधी ठेकेदार तीर्थयात्रेला. हबीब वकील स्वतः फर्दापूरला जाऊन गिरणीचा जुना फिटर सांडू याला धरून घेऊन आले. पुंजाराम पहिल्या दिवसापासून गिरणीच्याच पगारावर होता, असं सांडूनं छातीठोकपणे सांगितलं आणि शेठची बाजू ढासळली. रक्कम मिळणार हे आता शेठचा वकीलही मनातून जाणून होता.

पण फी वजा केली की उरलेल्या पैशांत जातं येत होतं, मोटार येत नव्हती. मोटारीशिवाय गिरणी कसली? आशाबाईनं बापाला बजावून ठेवलं होतं, “दादा, तुमी कुनापुडं हात पसरायचा नाय. जमलं तर गिरनी, नाय जमलं तर मी भावजींसंगं जाते.” ते ऐकल्यापासून पुंजारामला अन्न गोड लागेना.

शेवटच्या तारखेला हबीब वकिलांनी कोर्टापुढं मागणी केली, की शेठनं दावा मुद्दाम लांबवला, तेव्हा कामगाराच्या वकिलाची फीसुद्धा शेठनंच भरावी. बद्रीनाथही त्या दिवशी शहरात हजर होता. वहिनीला घेऊनच जायचं म्हणून आला होता आणि कोर्टाच्या आवारात लिंबाखाली केळी खात बसला होता. आशाबाईचं गाठोडं त्यानं आधीच आपल्या पिशवीशेजारी आणून ठेवलं होतं.

जज्जसाहेबांनी पुंजारामला पिंजऱ्यात बोलावलं. शेठच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, “काका, तुमचे वकील फार भले आहेत म्हणे. किती पैसे घेतले हो तुमच्याकडून?”

भर कोर्टात आपल्या वकिलाबद्दल विचारलेलं! पुंजारामची छाती फुगली. “वकीलसाहेब म्हंजे देवमाणूस,” तो म्हणाला. “एक पैसा घेतला नाय त्यांनी!”

“बघा साहेब,” शेठचा वकील म्हणाला, “फी नाहीच, तर आम्ही भरायची कशी?”

हबीब वकिलांनी कपाळावर हात मारला. जेवणाच्या सुट्टीत ते पुंजारामला व्हरांड्यात घेऊन गेले. “मामा, ये क्या किये तुम! माझी फी शेठच्या खिशातून निघत होती, ती तुम्ही तुमच्या खिशावर ओढून घेतली. मला ती सोडता येत नाही. घर त्यावरच चालतं.”

“सोडा म्हनलंय का मी?” पुंजाराम म्हणाला. साऱ्या जन्मात त्याला बॉयलरची भीती वाटली नव्हती. आता मात्र तो घाबरला होता. लेकीचं गाठोडं आपणच बांधलं, आणि तेही तोंड भरून कौतुक करताना, हे त्याला कळून चुकलं होतं.

सुट्टीनंतर हबीब वकिलांनी अर्ज केला, की साक्षीदाराला पुन्हा विचारावं. शेठचा वकील ओरडला, की सुट्टीत पढवून आणलाय. जज्जसाहेब म्हणाले, “थांबा. मीच विचारतो. पुंजाराम, वकिलांशी फीचं काही ठरलं होतं का?”

“व्हय साहेब. पयल्याच दिशी ठरलं.”

“मग मघाशी ‘एक पैसा घेतला नाही’ असं का म्हणालात?”

“साहेब, घेतलं का म्हून विचारलं. अजून घेतलं नाय. आन घेतलं असतं तरी...” तो अडखळला. मग भीड सोडून बोलला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. “आमच्यात असंच म्हनतात साहेब. मान राखायला. माझ्या आशीच्या जन्माला सुईन रातभर बसली. तिनं काय मागितलं नाय. आमी गावभर सांगितलं, काय घेतलं नाय म्हून. पन सुगीला जवारीचं पोतं तिच्या दारात नेऊन टाकलंच की! मागितलं नाय म्हून देनं फिटतं व्हय? वकीलसाहेबाची फी मी देनं लागतो. तुमी शेठला सांगा नायतर नका सांगू, मी ती देनारच.”

जज्जसाहेब हसले नाहीत, पण चष्मा काढून पुसत बसले. 

निकाल त्याच दुपारी सांगितला. पूर्ण ग्रॅच्युइटी, उशिराचं व्याज, आणि दाव्याचा खर्च म्हणून वकिलाची ठरलेली फी शेठनं वेगळी भरायची. इंग्रजीतून सांगितलेलं पुंजारामला ओ की ठो कळलं नाही. हबीब वकिलांनी त्याचा खांदा धरून हलवला. “मामा, तुमची रक्कम सगळी तुमची. माझं शेठ देणार.”

पुंजाराम बाकावर बसला तो बसलाच. केवढा मोठा धोंडा छातीवरून उतरला होता! त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं, आणि दोन्हींची त्याला जराही लाज वाटली नाही.

आशाबाई दाराशीच उभी होती. बापाचे डोळे बघून तिनं वाईटच धरलं. “जाऊ द्या दादा,” ती म्हणाली. “वकीलसाहेबाचं आधी देऊन टाका.”

“ते शेठ देतोय, माय.”

“म्हंजे मोटार?”

“मोटार बी.”

आशाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि तरातरा लिंबाखाली गेली. बद्रीनाथ गाठोडं उचलून उभाच राहिला होता. तिनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि काखेत मारलं.

“भावजी, सिल्लोडची गाडी सुटंल तुमची,” ती म्हणाली. “निघा तुमी.”